नमुना कुणाच्या हातचा

काचेची बाटली तीस मिलिलिटरची, बुडाला अगदी सपाट. आत बफर सलाइन ०.४ मिलिलिटर, म्हणजे तळ जेमतेम ओला. डाव्या हातानं बाटली टेबलावर टेकवूनच गोल फिरवत राहायची आणि उजव्या हातातल्या पिपेटमधून ०.५ मिलिलिटर अँटिजेन थेंबाथेंबानं आत सोडायचं. हे सगळं सहा सेकंदांत. मग आणखी दहा सेकंद नुसतं फिरवायचं, ४.१ मिलिलिटर सलाइन ओतायचं, बूच लावून दहा सेकंदांत तीसेक हिसके द्यायचे. जे दुधट पाणी तयार होतं ते त्याच दिवशी वापरायचं. संध्याकाळी उरलंच तर फेकून द्यायचं. घाई झाली किंवा हात रेंगाळला, तर अँटिजेनचे कण नीट बनत नाहीत आणि त्या दिवसाचे सगळेच रिपोर्ट डळमळतात. मुरलेली टेक्निशियन घड्याळाकडे बघत नाही. सहा सेकंद किती हे तिच्या मनगटाला ठाऊक असतं.

सिफिलिससाठीच्या व्हीडीआरएल चाचणीची ही रोजची पूर्वतयारी. त्याआधी रक्तातला सीरम वेगळा काढून ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेला असतो. काचपट्टीवरच्या गोलात सीरमचे ५० मायक्रोलिटर, त्यावर अँटिजेनचा एक थेंब. तोही असातसा नाही, एका मिलिलिटरचे साठ थेंब पडावेत अशा सुईतून पाडलेला. पट्टी फिरत्या यंत्रावर चार मिनिटं, मिनिटाला १८० फेरे. लगेच सूक्ष्मदर्शकाखाली. बारीक काड्यांसारखे कण सुटे, एकसारखे पसरलेले दिसले तर नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह; त्यांचे पुंजके झाले तर रिअ‍ॅक्टिव्ह. खोलीचं तापमान २३ ते २९ अंशांच्या दरम्यान हवं, असं नियम सांगतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात, पंख्यावर भागवणाऱ्या लॅबमध्ये हे कसं जमवायचं, ते नियम सांगत नाही.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांना वाटेल, हे आपल्या कामाचं नाही. पण गणेश मंडळाच्या शिबिरात एकदा जरी रक्तदान केलं असेल, तरी तुमची सिफिलिसची तपासणी होऊन गेलेली आहे. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, मलेरिया आणि सिफिलिस या पाच तपासण्यांशिवाय रक्तपेढी पिशवी पुढे देऊ शकत नाही. घरात कुणी गरोदर असेल, तर तिच्या पहिल्या तपासणीच्या कागदावरही हीच अक्षरं असतात. इतकी घराघरांत पोचलेली ही चाचणी, आणि तिच्याविषयी आपण कधी चार वाक्यं बोललेलो नसतो. गुप्तरोग म्हटलं की आपल्याकडे चर्चा नीतीची होते, फार तर औषधाची. नमुना कुणी घेतला, शरीरातून नेमका कुठून घेतला, काय सांगून घेतला, किती वेळ कुठे ठेवला, हे कुणी विचारत नाही. निदान बरोबर येणार की चुकणार याचा निम्मा निकाल मात्र तिथेच लागलेला असतो.

सिफिलिसचा जंतू १९०५ मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांना दिसला. पुढच्याच वर्षी ऑगस्ट फॉन वासरमन, अल्बर्ट नाइसर आणि कार्ल ब्रूक यांनी रक्ताची चाचणी आणली. सिफिलिसनं दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क त्यात अँटिजेन म्हणून वापरलेला होता. त्यात जंतू खच्चून भरलेले असतात म्हणून. थोड्याच काळात लक्षात आलं की निरोगी यकृताचा अर्क वापरला तरी चाचणी चालते. बैलाच्या हृदयाचा अर्क तर झकास चालतो. म्हणजे चाचणी ज्या तत्त्वावर उभी केली होती ते तत्त्वच चुकीचं निघालं आणि चाचणी मात्र टिकली. ल्वूफ शहरातला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ लुडविक फ्लेक यानं १९३५ मध्ये या एका चाचणीवर आख्खा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की वासरमनची चाचणी विश्वासार्ह झाली ती अनेक प्रयोगशाळांतल्या अनेक हातांनी वर्षानुवर्षं केलेल्या बारीकसारीक दुरुस्त्यांमुळे. एका डोक्यातून ती तयार उतरली नाही. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात हा ग्रंथ आज मानाचा आहे. पण लॅबमध्ये उभं राहिलेल्या माणसाला त्यातलं मर्म वाचण्याआधीच कळलेलं असतं.

बैलाच्या हृदयातला तो कामाचा पदार्थ मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये वेगळा काढला. त्याचं नाव कार्डिओलिपिन. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर अमेरिकी सरकारची गुप्तरोग संशोधन प्रयोगशाळा होती. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजेच व्हीडीआरएल. १९४३ मध्ये सिफिलिसच्या पहिल्या चार रुग्णांना पेनिसिलिन देऊन बरं केलं ते याच ठिकाणी, जॉन महोनी यांच्या हाताखाली. त्या कामातले एक सहकारी अ‍ॅड हॅरिस यांनीच १९४६ मध्ये कार्डिओलिपिनवरची ही नवी चाचणी बसवली. औषध आणि तपासणी एकाच छताखाली जन्मली. आपल्या सरकारी प्रयोगशाळांना लागणारं अँटिजेन पुढे वर्षानुवर्षं कोलकात्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ सीरॉलॉजीतून येत राहिलं.

या चाचणीचा स्वभाव समजून घ्यायला हवा. ती चोराला पकडत नाही, फुटलेल्या कुलपाची नोंद घेते. सिफिलिसमध्ये पेशींची नासधूस होते, त्या नासधुशीविरुद्ध शरीर जी प्रतिद्रव्यं तयार करतं ती व्हीडीआरएलमध्ये दिसतात. कुलूप दुसऱ्या कुणी फोडलं तरी नोंद होतेच. मलेरिया, ल्युपस, म्हातारपण, कधीकधी निव्वळ गरोदरपण. आणि कुष्ठरोग. ज्या महाराष्ट्रानं कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं केलं, तिथे हे विसरून चालणार नाही. कुष्ठरोगाच्या जंतुबहुल प्रकारात व्हीडीआरएल खोटीच रिअ‍ॅक्टिव्ह येऊ शकते, आणि आधीच एका आजारानं गावाबाहेर काढलेल्या माणसाच्या केसपेपरवर दुसरा कलंक चिकटतो. म्हणूनच व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आली की टीपीएचएसारखी, थेट जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं पाहणारी, दुसरी चाचणी करायची असते.

उलटी गंमतही होते. रोग ऐन भरात असताना, अंगावर पुरळ उठलेलं असताना, रक्तात प्रतिद्रव्यं इतकी असतात की पुंजकेच बनत नाहीत आणि काचपट्टी साळसूदपणे नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह दिसते. सीरम पातळ करून पुन्हा लावला की खरं रूप बाहेर पडतं. हे करायचं, तर लक्षणं काय आहेत ते टेक्निशियनला कळायला हवं. चिठ्ठीवर डॉक्टरनं नुसतं ‘व्हीडीआरएल’ खरडलेलं असेल, तर तिला कसं कळणार?

अलीकडे आणखी एक घोळ आहे, आणि तो खाजगी लॅबांत जास्त. चिठ्ठीवर व्हीडीआरएल, पण प्रत्यक्षात वापरतात झटपट कार्ड. अशी बरीच कार्डं थेट जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं शोधतात आणि ती प्रतिद्रव्यं माणूस पूर्ण बरा झाला तरी बहुधा जन्मभर रक्तात राहतात. दहा वर्षांपूर्वी उपचार घेऊन बऱ्या झालेल्या बाईच्या रिपोर्टवर पुन्हा ‘पॉझिटिव्ह’ येतं. घरात रामायण. खऱ्या व्हीडीआरएलचं मोल तिच्या आकड्यात आहे: १:३२ असलेला आकडा उपचारानंतर सहा-बारा महिन्यांत १:८ किंवा त्याखाली यायला हवा. कार्डाला हा आकडा देता येत नाही. ते फक्त हो किंवा नाही म्हणतं.

रक्ताचं त्या मानानं सोपं. दंडाला पट्टा, शिरेत सुई, संपलं. लाजण्यासारखं काही नाही. खरी कसोटी परम्याची, म्हणजे गोनोरियाची. अल्बर्ट नाइसर यांना हा जंतू १८७९ मध्ये दिसला. लोकांच्या तोंडी तो हट्टी, चिवट रोग आहे; प्रयोगशाळेत मात्र हा जंतू कमालीचा नाजूक. सुकला की मेला, गार झाला की मेला. साध्या कापसात असलेल्या स्निग्धाम्लांनीही मरतो, म्हणून कल्चरसाठी नमुना घ्यायची काडी कापसाची नको, डॅक्रॉन किंवा रेयॉनची हवी. बाकी नमुने फ्रीजमध्ये ठेवायची सवय लागलेल्या वॉर्डात हा स्वॅबही कुणीतरी नेमानं फ्रीजमध्ये ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी लॅब ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट देते. रिपोर्ट खरा असतो. निदान खोटं असतं.

त्याला वाढवायचं तर ‘चॉकलेट अगार’ लागतं. नाव ऐकून मुलं हसतील, पण त्यात चॉकलेटचा कणही नाही. तापवलेल्या रक्ताचा तो रंग. त्यात इतर जंतूंना रोखणारी औषधं घातली की थेयर-मार्टिन माध्यम होतं. शिवाय हवेत कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त हवा. त्यासाठी महागडं इन्क्युबेटर नसलं तरी अडत नाही: झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत प्लेटा रचायच्या, वर एक पांढरी, बिनवासाची मेणबत्ती पेटवून ठेवायची आणि झाकण लावायचं. मेणबत्ती विझते तोवर आत तीन टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जमलेला असतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही बरणी फार आवडते.

पुरुषाचा नमुना घ्यायचा तर आधी तास-दोन तास त्यानं लघवीला गेलेलं नसावं, नाहीतर पू धुऊन जातो. ओपीडीत सकाळी आठपासून रांगेत असलेला माणूस साडेअकराला आत येतो तेव्हा तो नुकताच जाऊन आलेला असतो, कारण हे त्याला रांगेत कुणी सांगितलेलं नसतं. बारीक काडी मूत्रमार्गात दोन-तीन सेंटिमीटर आत घालून हळू फिरवायची. दुखतं. हे आधी सांगितलं तर माणूस सहन करतो. न सांगता केलं तर पुन्हा येत नाही. काचपट्टीवर लेप देऊन ग्रॅम स्टेन केला की पांढऱ्या पेशींच्या पोटात गुलाबी जंतूंच्या जोड्या दिसतात. पू येत असलेल्या पुरुषात हा साधा, स्वस्त स्टेन ९५ टक्क्यांहून जास्त वेळा रोग पकडतो. बाईच्या नमुन्यात तोच स्टेन निम्म्याच्या आसपास येऊन थांबतो.

बाईचा नमुना योनीतून नव्हे, गर्भाशयाच्या मुखातून घ्यावा लागतो. म्हणजे टेबल, उजेड, स्पेक्युलम, आणि आडोसा. स्पेक्युलमला जेली लावायची नाही, कारण ती जंतूंना मारू शकते; कोमट पाण्यात बुडवून घ्यायचं. पहिल्या काडीनं वरचा चिकट स्राव पुसून ती टाकून द्यायची, दुसरी काडी एक-दोन सेंटिमीटर आत घालून फिरवायची. मी पाहिलेल्या एका तपासणी खोलीत टेबलाचा रोख दाराकडे होता आणि दाराला कडी नव्हती. पडदा होता, पण तो टेबलाच्या अर्ध्यातच संपायचा. सिस्टर पाठमोरी दाराला टेकून उभी राहायची. त्या खोलीतली सगळ्यांत महत्त्वाची सोय म्हणजे तिची पाठ. एवढं सगळं करायला ज्या ओपीडीत एका रुग्णाला तीन मिनिटं मिळत नाहीत, तिथे काडी बहुतेक वेळा नको त्या जागी लागते किंवा लागतच नाही.

याचं काय होतं, ते गडचिरोलीनं जगाला दाखवलं. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची गावातच तपासणी केली. नुसती विचारपूस नव्हे. अंतर्गत तपासणी आणि लॅबच्या चाचण्यांसकट. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा किमान एक प्रकार होता, सरासरी काढली तर बाईमागे ३.६ आजार. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के. आणि जवळपास निम्म्या स्त्रियांची स्वतःची काही तक्रारच नव्हती. मला यातला हा शेवटचा आकडा सगळ्यांत बोलका वाटतो. ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढंही बोलायला जिथे बाईला जागा नाही, तिथे तक्रार नाही म्हणजे रोग नाही हे गणित मुळातच फसतं.

आणि तरी आपला सरकारी कार्यक्रम बराच काळ त्याच गणितावर चालला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, सुरक्षा क्लिनिकांत लक्षणांवरून औषधं देतात. पेट्यांना रंग आहेत: मूत्रमार्गातून किंवा गर्भाशयमुखातून स्राव असेल तर करडी, योनिदाहाला हिरवी, जननेंद्रियावरच्या जखमेला पांढरी, पेनिसिलिन न चालणाऱ्याला निळी, नागिणीच्या जातीच्या फोडांना लाल, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळी, जांघेत गाठ असेल तर काळी. मी या रंगीत पेट्यांची टिंगल करणार नाही. जिथे लॅब नाही, रुग्ण पुन्हा येईलच याची खात्री नाही, तिथे आलेल्या माणसाला त्याच दिवशी औषध मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पू येणाऱ्या पुरुषांना या पद्धतीनं खरोखर फायदा झाला. पण जिला लक्षणच नाही तिच्यासाठी कुठल्याच रंगाची पेटी नाही, आणि जिला योनिस्राव आहे तिला बरेचदा गरज नसलेल्या गोळ्या जातात. शिवाय परम्याचा जंतू एकेका औषधाला दाद देईनासा होत चालला आहे. कोणतं औषध अजून चालतं हे कळायला कल्चरच लागतं, म्हणजे पुन्हा ती योग्य काडी आणि ती मेणबत्तीची बरणी. देशात अशा कामासाठी मोजकी प्रादेशिक केंद्रं आहेत. नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांतलं एक.

मराठीत या विषयावर लाजलज्जा गुंडाळून ठेवून लिहिणारा माणूस शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत एकहाती चालवलं. खटले झाले, दंड झाले. कर्व्यांचा आग्रह साधा होता: शरीराबद्दल शास्त्रानं बोला. आज आपल्याकडे यंत्रं आली, पण केसपेपरवर ‘एसटीडी’ असं लाल शाईनं ठळक लिहून तो वऱ्हांड्यातून वॉर्डबॉयच्या हाती पाठवायची रीत काही ठिकाणी अजून टिकून आहे.

नमुना घेण्यातली ही दुसरी, न बोलली जाणारी बाजू. १९८६ मध्ये मद्रासमध्ये सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या तरुण विद्यार्थिनीनं देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचं रक्त गोळा केलं. हातमोजे नाहीत, नमुने घरच्या फ्रीजमध्ये. ते वेल्लोरला नेऊन तपासले आणि भारतातला पहिला एचआयव्ही सापडला. निर्मलांच्या धाडसाला तोड नाही. पण त्यांतल्या कित्येक नमुन्यांच्या मालकिणी पोलिसांनी पकडून सुधारगृहात ठेवलेल्या होत्या, आणि तिथल्या बाईला ‘नाही’ म्हणायची सोय कितपत असेल? ब्रिटिशांनी १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा करून अशा स्त्रियांची सक्तीनं तपासणी चालवली होती. विरोधापुढे नमून तो १८८८ मध्ये मागे घेतला. ग्राहकांची तपासणी त्या कायद्यात कुठेच नव्हती. सांगलीत १९९६ पासून ‘वँप’ या संघटनेच्या छत्राखाली देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया स्वतःच संघटित झाल्या, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

२०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही कायद्यानं समजून-उमजून संमती आणि गोपनीयता बंधनकारक केली. आता गरोदर स्त्रियांसाठी दुहेरी कार्डं आली आहेत: बोटाला एक टोचणी, रक्ताचा एक थेंब, वीस मिनिटांत एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्हींच्या रेघा. थेंब एकच, त्यातल्या एका रेघेला कायद्याचं संरक्षण आहे, दुसरीला नाही.

एक बदल मात्र मला मनापासून आश्वासक वाटतो. जंतूची जनुकं शोधणाऱ्या चाचण्यांना जिवंत जंतू लागत नाही. त्यामुळे योनीतला स्वॅब बाईनं स्वतःच, न्हाणीघरात दार लावून घेतला तरी क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी तो डॉक्टरनं घेतलेल्या नमुन्याइतकाच चांगला ठरतो. पुरुषाला काडी सोसायची गरज नाही, लघवी पुरते. फक्त ती धारेची पहिली वीस-तीस मिलिलिटर हवी, आधी न धुता. इथे आपल्या लॅबांची जुनी सवय आडवी येते: लघवी म्हटलं की ‘मधली धरा’ असंच सगळे सांगतात, आणि मधल्या लघवीत मूत्रमार्गातले जंतू आधीच वाहून गेलेले असतात. क्षयरोगासाठी जी सीबीनॅट यंत्रं तालुक्या-तालुक्यांत पोचली, त्याच यंत्रात या दोन रोगांचं कार्ट्रिज चालतं आणि दीडेक तासात उत्तर मिळतं. यंत्र आहे, वीज आहे, शिकलेला माणूस आहे. कार्ट्रिजच्या खर्चावर घोडं अडतं.

गरोदर बाईचं आणखी एक सांगायला हवं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची खास तपासणी असते. आशाताई पाच-सात जणींना जीपमध्ये घालून आणतात. त्यांतल्या एखादीचं कार्ड सिफिलिसला रिअ‍ॅक्टिव्ह आलं, तर उपचार स्वस्त आणि जुना आहे: बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, कमरेत, संसर्ग केव्हाचा ते कळत नसेल तर आठवड्याला एक अशी तीन. उपचाराविना निम्म्याहून अधिक गर्भारपणांत बाळ दगावतं, अकाली जन्मतं किंवा रोग घेऊन येतं. तरी रिअ‍ॅक्शनच्या धास्तीनं कित्येक डॉक्टर इंजेक्शन द्यायला कचरतात आणि बाईला वरच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळते. नवऱ्याचं रक्त तर बहुतेक वेळा येतच नाही. तो पुण्याला कंपनीत असतो, किंवा घरीच असतो.

बाळ झालं की पुन्हा नमुन्याचा प्रश्न. आईची प्रतिद्रव्यं वारेतून बाळाकडे जातात, म्हणून बाळाचं व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह येणं हा पुरावा नाही. त्याचा आकडा आईच्या चौपट निघाला तर संशय पक्का. त्यासाठी नाळेचं रक्त चालत नाही, त्यात आईचं मिसळलेलं असू शकतं. बाळाच्याच शिरेतलं घ्यावं लागतं. दोघांचे नमुने एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये, एकाच चाचणीनं लावायला हवेत, कारण दोन लॅबांच्या आकड्यांत एका पायरीचा फरक सहज पडतो. आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पाचव्या महिन्यात सासरच्या आरोग्य केंद्रात रक्त दिलेली मुलगी आठव्या महिन्यात ओटी भरून दुसऱ्या जिल्ह्यात जाते. तिच्या माता-बाल कार्डावर ‘रिअ‍ॅक्टिव्ह १:१६, दोन इंजेक्शनं झाली’ असं तारखांसकट लिहिलेलं असेल, तर तिथला डॉक्टर तारखा बघून पुढचा उपचार ठरवू शकतो. बहुतेकदा लिहिलेलं असतं नुसतं ‘पॉझिटिव्ह’, किंवा सासरच्या कुणी वाचू नये म्हणून तेवढी ओळ तिनं स्वतःच खोडलेली असते.